चित्रातली जागा शोधायला गेलायत का कुणी?

उंबरठा

मे-जूनमध्ये फ्रान्सला जायचं घाटतंय. भाची लियोंला शिकते, मुक्काम तिच्याकडे. मध्ये थोडे मोकळे दिवस मिळतायत आणि माझ्या डोक्यात एक खूळ शिरलंय : व्हॅन गॉगने ज्या ठिकाणी बसून चित्रं काढली ती ठिकाणं बघायची. आर्ल, सँ-रेमी, ओव्हेर. तिन्ही नाही जमायची, एखादंच.

घरातून पाठिंबा शून्य. नवऱ्याचं म्हणणं असं, की चित्रं अ‍ॅमस्टरडॅमला, पॅरिसला, न्यूयॉर्कला आहेत. "तू शेतात जाऊन काय बघणार? गहू?"

मला मात्र वाटतं, जागा बघितल्याशिवाय त्या माणसाने काय गाळलं आणि काय पदरचं घातलं ते कळत नाही. कुणी असं मुद्दाम जागा शोधत गेलंय का? व्हॅन गॉगच हवा असं नाही, कुठलाही चित्रकार चालेल. आणि मी कुठे जावं?

पावशेर

गहू बघायचा तर पंजाब स्वस्तात पडेल. व्हिसाही लागत नाही.

खडूफळा

मी नवरोबांच्या बाजूने.

आयुष्यभर चित्रकला शिकवली म्हणून जरा अधिकाराने बोलतो. निसर्ग हा चित्रकाराचा कच्चा माल. कच्चा माल बघायला एवढं लांब जाणं म्हणजे गाणं ऐकायचं सोडून तंबोऱ्याचा भोपळा कुठल्या शेतात पिकला याची चौकशी करणं. लोक तिथे जातात, छापील चित्र हातात धरून समोरच्या देखाव्याशी जुळवतात, 'अगदी सेम टु सेम!' म्हणून फोटो काढतात आणि निघतात. त्यापेक्षा तेवढा वेळ मूळ चित्रासमोर बसा. रंग कसा लावलाय ते बघा.

झुळूक

वाखूसा (वाचनखूण साठवली). कुंपणावर बसून वाचतेय.

सीनकाठ

पॅरिसच्या उपनगरात राहतो, त्यामुळे देशातून आलेल्या पाहुण्यांना ओव्हेरला नेणं हे आमच्याकडे वतनी काम आहे. गाव पॅरिसच्या वायव्येला, साधारण तीस किलोमीटरवर. विन्सेंट (व्हॅन गॉग) २० मे १८९० ला तिथे पोहोचला आणि २९ जुलैला गेला. जेमतेम सत्तर दिवस, आणि तेवढ्यात सत्तरहून जास्त चित्रं. सगळी चालत फिरता येईल एवढ्या टापूत.

गावाने जागोजागी फलक लावलेत, चित्राची प्रत आणि मागे ती जागा. चर्चचं बघा. चित्र मागच्या बाजूने काढलंय, पुढे वाट दुभंगते आणि डाव्या वाटेने एक बाई पाठमोरी चाललीय. फलकाशी उभं राहिलं की दोन्ही वाटा दिसतात, पण चर्च एकदम साधं, सरळ भिंतींचं, फिकट दगडाचं. चित्रात त्याच भिंती हलतायत असं वाटतं. बहिणीला पत्रात त्याने रंग लिहून कळवलेत : इमारत जांभळट, आकाश निव्वळ कोबाल्ट निळं, खिडक्या म्हणजे अल्ट्रामरीन निळ्याचे डाग, छप्पर जांभळं आणि थोडं नारिंगी. मी वेगवेगळ्या ऋतूंत त्या फलकापाशी उभा राहिलोय. छप्पर नारिंगी कधी दिसलेलं नाही. खडूफळा सर, 'सेम टु सेम' म्हणायची सोयच नाही तिथे.

पण खरी गंमत मुळांच्या चित्राची. ते त्याचं शेवटचं चित्र मानतात. आडवं, पन्नास सेंटीमीटर उंच आणि एक मीटर रुंद. पहिल्यांदा बघणाऱ्याला काही उमगतच नाही : निळसर खोडं, हिरव्या-पिवळ्या चिंधड्या, डोळा टेकवायला क्षितिज नाही. कित्येकांना ते अमूर्तच वाटायचं. २०२० च्या टाळेबंदीत वाउटर व्हॅन डर वेन हे संशोधक घरी बसून जुनी कागदपत्रं चाळत होते. त्यात १९०० ते १९१० च्या दरम्यानचं ओव्हेरचं एक पोस्टकार्ड होतं. रस्ता, सायकल घेतलेला माणूस आणि कडेला दरडीतून बाहेर आलेली मुळं. ती मुळं त्यांना ओळखीची वाटली! मग अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयातल्या अभ्यासकांनी आणि एका वृक्षतज्ज्ञाने ताडून पाहिलं आणि जुलैअखेरीस जाहीर झालं. रस्त्याचं नाव र्‍यू दोबिन्यी. विन्सेंट राहायचा त्या राव्हूच्या खाणावळीपासून फक्त दीडशे मीटर.

म्हणजे १३० वर्षं सगळे त्या दरडीवरून ये-जा करत होते. मुख्य बुंधा अजून आहे. आता पुढे लाकडी आडोसा केलाय.

चकलीसोऱ्या

सीनकाठ, दंडवत. पण गव्हाच्या शेतावर कावळे, ते शेवटचं ना? लहानपणापासून तेच ऐकलंय.

सीनकाठ

चकलीसोऱ्या, कावळ्यांची कथा नाट्यमय आहे म्हणून टिकलीय. मुळांच्या बाजूने साक्ष आहे ती विन्सेंटचा भाऊ तेओ याच्या मेव्हण्याची. मृत्यूच्या आदल्या सकाळी विन्सेंटने झाडीचं एक चित्र रंगवलं होतं, ऊन आणि जिवंतपणा भरलेलं, असं त्याने लिहून ठेवलंय. शिवाय मुळांचं चित्र अर्धवट राहिलंय. आणि व्हॅन डर वेन यांनी प्रकाशावरून मांडलंय की उन्ह दुपार कलल्यानंतरचं आहे, म्हणजे तो त्या दिवशी उशिरापर्यंत काम करत असावा.

खडूफळा

ही माहिती रोचक आहे, मान्य. पण माझा प्रश्न तसाच राहतो. दरड सापडली म्हणून चित्र जास्त चांगलं झालं का?

सीनकाठ

जास्त चांगलं नाही झालं. वाचता आलं. आधी मी त्यात नुसते पट्टे बघायचो. आता कळतं की वर झाड तोडलंय, खाली माती ढासळलीय आणि बुंधे पुन्हा फुटतायत. चुनखडीची दरड आहे ती, सरपणासाठी झाडं छाटायचे. त्याने हवेतून काही आणलेलं नाही.

ध्रुवमत्स्य

आकाशनिरीक्षणवाल्यांची बाजू मांडायला आलोय.

टेक्सस स्टेट विद्यापीठात डोनाल्ड ओल्सन म्हणून खगोलभौतिकीचे प्राध्यापक. चित्रातल्या सूर्य-चंद्रावरून जागा, तारीख आणि वेळ काढणं हा त्यांचा आवडता उद्योग. सगळ्यात झकास उदाहरण विन्सेंटचंच आहे : गव्हाच्या गंज्या आणि डोंगरामागून वर येणारं केशरी बिंब. चित्र नेदरलँड्समध्ये क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे. पूर्वी काहींना तो मावळता सूर्य वाटायचा. ओल्सन मंडळी सँ-रेमीला गेली, त्या डोंगराचा पुढे आलेला कडा आणि चित्रात दिसणारं घर शोधून काढलं, मोजमापं घेतली. चंद्र त्या कड्याआडून तसा उगवायला १८८९ मध्ये दोनच दिवस बसत होते, १६ मे आणि १३ जुलै. आता निवड कशी करणार? गव्हावरून! मे महिन्यात पीक हिरवं असतं, चित्रात कापून गंज्या लागल्यात. म्हणून १३ जुलै, रात्री ९ वाजून ८ मिनिटं.

खगोल आणि शेतकी दोन्ही जुळल्याशिवाय उत्तर येत नाही, मला याचंच कौतुक.

फ्रेंच चित्रकार मोनेचं 'सूर्योदय' तसंच. ज्यावरून 'इंप्रेशनिझम' या चित्रशैलीला नाव पडलं ते. ल हाव्र बंदर. सूर्याची दिशा आणि उंची, मोठी जहाजं हलायला लागणारी भरती आणि त्या दिवसांच्या हवामानाच्या नोंदी जुळवून १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी साडेसातच्या सुमाराची वेळ निघाली. तिथे मात्र जाऊन काही दिसणार नाही. सप्टेंबर १९४४ च्या बाँबफेकीत जुनं ल हाव्र गेलं. मोने ज्या धक्क्यावरच्या हॉटेलच्या खिडकीतून बघत होता ते काहीच राहिलेलं नाही.

पावशेर

म्हणजे माझ्या लग्नाच्या फोटोतल्या सावलीवरून मुहूर्त टळला होता हे सिद्ध होऊ शकतं? सासऱ्यांना सांगू नका कृपया.

ध्रुवमत्स्य

पावशेर, हॉलच्या ट्यूबलाइटची सावली चालत नाही :)

भातुकली

मग ती प्रसिद्ध 'तारांकित रात्र'? तीही खिडकीतून दिसलेली ना?

ध्रुवमत्स्य

खिडकी खरी. सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातली, पूर्वेकडे तोंड असलेली. जून १८८९. पहाटेपूर्वी खिडकीतून नुसता शुक्रतारा दिसला, खूप मोठा, असं त्याने भावाला लिहिलंय आणि शुक्र तेव्हा खरंच पहाटे होता. पण चंद्रकोर पदरची, त्या सुमारास चंद्र अर्ध्याहून मोठा होता. गावही त्या खिडकीतून दिसत नाही, तेही पदरचं.

त्याआधीचं ऱ्होन नदीवरच्या ताऱ्यांचं चित्र आणखी धमाल. आर्लला नदीकाठी उभं राहून तो नैऋत्येला बघतोय, आणि आकाशात सप्तर्षी. सप्तर्षी उत्तरेला! पाठीमागचं आकाश उचलून पुढे लावलंय. हे तिथे रात्री जाऊन उभं राहिल्याशिवाय अंगात भिनत नाही. नकाशावर कळतं, पण मान मागे वळवावी लागली की खरं कळतं.

घाटवाट

ध्रुवमत्स्यच्या शेवटच्या परिच्छेदाला +१. उंबरठाताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय ते हेच : काय गाळलं, काय घातलं.

आमची भर फ्रेंच चित्रकार सेझानची. एक्स-आं-प्रोव्हान्सजवळचा सेंट-व्हिक्ट्वार डोंगर, उंची हजार मीटरच्या थोडी वर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बरीच कमी. त्याने तैलरंगात तीसेक वेळा आणि वर जलरंगात कितीतरी वेळा काढला. १९०२ पासून ले लोव्ह टेकडीवरच्या स्टुडिओत काम करायचा, तिथून चढ चढून थोडं वर गेलं की तो बसायचा ती जागा येते. आता तिथे बाग आहे, चित्रांच्या प्रती लावल्यात.

चढ संपून वळलो आणि डोंगर दिसला. पहिली प्रतिक्रिया : एवढासा? चित्रात तो अंगावर येतो. समोर मात्र दूर, निळसर, आडवा पसरलेला. १९२० च्या दशकात अर्ल लोरान नावाच्या अमेरिकन चित्रकाराने सेझानच्या जागा शोधून फोटो काढले होते, त्यांतही हेच दिसतं. फोटोत लांबची वस्तू जितकी लहान पडते तितकी सेझान पडू देत नाही. डोंगर पुढे ओढतो, जवळची शेतं चपटी करतो.

मी सह्याद्रीत बऱ्यापैकी भटकलोय. घरी येऊन फोटो बघितले की सगळे डोंगर बुटके निघतात, हा प्रत्येक भटक्याचा वैताग. डोळ्याला डोंगर मोठाच दिसतो, कॅमेऱ्याला दिसत नाही. सेझानने डोळ्याचं ऐकलं. हे मला त्या चढावर उभं राहून कळलं, संग्रहालयात आधी बघूनही कळलं नव्हतं.

खडूफळा

घाटवाट, हा मुद्दा चांगला मांडलात. पण तुमच्याच युक्तिवादाने लोरानचे फोटो आणि चित्र शेजारी ठेवलं की काम झालं. विमानाचं तिकीट कशाला? मी वर्गात हेच करायचो.

घाटवाट

सर, फोटो शेजारी ठेवून फोटो आणि चित्र यांतला फरक कळतो. डोळा आणि चित्र यांतला नाही. डोळ्याला तिथे न्यावंच लागतं.

खडूफळा

हं. यावर विचार करतो.

पावशेर

सर विचार करतायत. धागा वर काढण्यात येत आहे.

वसाबीभाकरी

आमच्याकडचं. जपानी चित्रकार हिरोशिगेची तोकाइदो मालिका, एदो (आजचं टोकियो) ते क्योतो रस्त्यावरचे मुक्काम, साधारण १८३३-३४. त्यातलं युइ गावचं चित्र : डावीकडे सरळ तुटलेला कडा, त्याच्या काठावरून वाकून बघणारे वाटसरू, खाली खाडीत पांढरी शिडं आणि पलीकडे फुजी. ही सात्ता खिंडीची जागा आजही जशीच्या तशी सापडते. संत्र्यांच्या बागांतून वाट जाते. कड्याची तीच तिरपी रेघ, तोच फुजी. फक्त शिडांच्या जागी समुद्रालगत एक्स्प्रेसवे, राष्ट्रीय महामार्ग आणि रेल्वे, तिन्ही एकमेकांना खेटून. डोंगर आणि समुद्र यांमध्ये एवढीच चिंचोळी पट्टी आहे, त्यामुळे १८३३ मध्ये ज्या कारणाने वाट तिथून गेली त्याच कारणाने आज महामार्ग तिथून जातो. जपानी लोक खास तो देखावा ट्रकांच्या दिव्यांसकट टिपायला येतात.

आणि त्याच मालिकेतलं शेजारचं कांबारा, गुडघाभर बर्फातली रात्र. सगळ्यांचं लाडकं. प्रत्यक्षात तो उबदार किनारा आहे, असं बर्फ तिथे क्वचितच. एकाच माणसाची लागून असलेली दोन चित्रं, एक नकाशासारखं चोख आणि एक साफ बनाव. मला दुसरं जास्त आवडतं.

चकलीसोऱ्या

अवांतर : मोनालिसाच्या खांद्यामागचा पूल कुठला? दरवर्षी इटलीतलं नवं गाव दावा करतं.

सीनकाठ

बॉबियो, बुरियानो, २०२३ मध्ये लातेरिनाजवळचा रोमितो पूल, २०२४ मध्ये लेको. लेकोवाल्या भूशास्त्रज्ञबाईंचं म्हणणं पूल सोडा, खडक बघा. पुलाच्या कमानी कुठेही मिळतात, चुनखडीचे डोंगर आणि तळं कुठेही मिळत नाहीत. पद्धत म्हणून पटते. पण माझ्या मते लिओनार्दोने जागा डोक्यात रचलेली आहे. गावाला पर्यटक हवेत, मोनालिसाच्या खांद्याला त्याचं काय?

भातुकली

इंग्लंडातून : चित्रकार कॉन्स्टेबलच्या 'हे वेन' (गवताची गाडी) चित्राची जागा, सफोकमधलं फ्लॅटफर्ड.

पावशेर

कॉन्स्टेबल म्हटल्यावर वाटलं धाग्यावर पोलीस आले.

भातुकली

पावशेर, हहपुवा (हसून हसून पुरेवाट). तर, गाडी पाण्यात उभी, डावीकडे घर, काठावर कुत्रा, ते चित्र. १८२१ चं. घर अजून आहे. गिरणी चित्रकाराच्या वडिलांची होती, त्यामुळे हा त्याच्या खेळण्याचाच परिसर. मजा म्हणजे एवढं मोठं चित्र त्याने लंडनमधल्या स्टुडिओत, जुन्या रेखाटनांवरून केलं. म्हणजे आपण जाऊन उभे राहतो ती जागा 'चित्र काढलं' ती नव्हेच, 'आठवलं' ती. आम्ही गेलो तेव्हा मुलांनी कुत्रा कुठेय म्हणून भोकाड पसरलं. बाकी चहा उत्तम मिळतो.

रंकाळावेस

सगळे फ्रान्स-जपानला निघालेत, कोल्हापूरकडे कोण बघणार? आबालाल रहिमान. मुंबईला जे.जे.त शिकले, शाहू महाराजांनी दरबारात आश्रय दिला, १९३१ मध्ये गेले. कोटितीर्थ आणि रंकाळा त्यांनी किती प्रहरांत आणि किती ऋतूंत बघितलेत! रंकाळ्यावर रोज फिरायला येणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल? एक साधा फलक नाही. ओव्हेरच्या ग्रामपंचायतीला सुचतं ते आपल्याला सुचत नाही. भेळेच्या गाड्यांच्या रांगेत एक चौकट उभी करायला कितीसा खर्च?

नारायणपेठी

रंकाळावेस, तुमच्या तक्रारीवर सही. पुण्याची भर घाला.

गंगाराम तांबट. सवाई माधवरावांच्या काळात इंग्रज वकील (म्हणजे राजदूत) चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने काम करणारा पुण्याचा चितारी. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराबरोबर तो लेणी रेखाटत हिंडला. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याची वेरूळची रेखाटनं पुढे थॉमस डॅनियलने लंडनला छापून काढली. शनिवारवाड्यातला १७९० च्या तहाचा दरबार रंगवला तोही डॅनियलनेच, वेल्सच्या अभ्यासचित्रांवरून. स्वतः तो दरबारात नव्हता. १८२८ च्या आगीत वाडाच गेला, आता जोत्यावर उभं राहून कल्पना करा.

पण तांबटाचं एक चित्र मात्र उघड्यावरचं आहे : पर्वती, माथ्यावरचं देऊळ आणि पायथ्याशी दक्षिणा घ्यायला लोटलेली गर्दी. आज ते अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे, संकेतस्थळावर मोठं करून बघता येतं. टेकडी हललेली नाही. म्हणजे तांबट कुठून बघत होता हे काढता आलं पाहिजे.

ध्रुवमत्स्य

नक्कीच काढता येईल. टेकडीची कड आणि देवळाची शिखरं एकमेकांवर कुठे येतात ते बघायचं. दोन खुणा एका रेषेत आल्या की आपण त्या रेषेवर कुठेतरी. दुसरी जोडी मिळाली की रेषा छेदतात. पण तांबट लांबी-रुंदीला किती इमानदार होता ते माहीत हवं.

खडूफळा

इमानदार नसेल तर उत्तम. किती बेइमान होता ते मोजता येईल.

(पावशेर, यावर काही बोलू नका.)

पावशेर

बोललोच नाही.

उंबरठा

केवढे प्रतिसाद! नवऱ्याला सगळा धागा वाचायला लावला. गव्हावरून तारीख काढली म्हटल्यावर गप्प बसला. शेवटी गहूच बघायचा असतो, एवढंच म्हणाला.

मी ओव्हेर ठरवतेय. लियोंहून पॅरिस रेल्वेने सोपं आहे आणि सगळं चालत होतं म्हणताय. आर्लचं पिवळं घर तर आता नाहीच ना?

सीनकाठ

नाही. जून १९४४ च्या बाँबफेकीत गेलं. मागची उंच इमारत उभी आहे, चित्राशी जुळवायला तेवढाच आधार. आणि त्याने तिथे रंगवलेला रात्रीचा कॅफे नंतर चित्रासारखा पिवळा रंगवून घेतलेला. चित्रातला पिवळा गॅसच्या दिव्याचा होता, तो इथे भरदुपारी भिंतीवर. ओव्हेर ठरवलंत ते बरं केलंत.

निघण्यापूर्वी एक काम करा. त्याची पत्रं तळटिपांसकट, चित्रांच्या दुव्यांसकट इंटरनेटवर फुकट आहेत, इंग्रजीत. त्याने लिहिलेली ८१९ पत्रं उरलीत, ओव्हेरची थोडीच आहेत, तेवढी वाचून या. राव्हूच्या खाणावळीतली त्याची खोली बघायची तर चालू-बंद दिवस आधी तपासा, हिवाळ्यात बंद असते. खोली रिकामी आहे, मुद्दाम रिकामी ठेवलीय. छपरातला एक झरोका, बस. मग चर्च, मग वर चढून शेतं आणि स्मशान. दोघे भाऊ शेजारी आहेत. मुळांची दरड उतरताना, दुपार कलल्यावर बघा.

एका सहल कंपनीबरोबर आमचे एक काका आले होते, त्यांना बसमधून चर्च 'दाखवलं' आणि पुढे अत्तराच्या दुकानात नेलं. तसलं काही घेऊ नका.

घाटवाट

आणि फोटो काढायच्या आधी वहीत एक रेघोटी तरी ओढा. चित्र येत नसलं तरी. आपला हात डोंगर किती मोठा काढतो ते बघा.

खडूफळा

घाटवाट यांनी शेवटी माझंच वाक्य म्हटलं. उंबरठा, ४ब ची पेन्सिल न्या. एचबी नको, उन्हात फिकी दिसते.

नारायणपेठी

पर्वतीचं मनावर घेतलंय. रविवारी सकाळी सातला सारसबागेच्या दारात. तांबटाच्या चित्राची प्रिंट मी आणतो, ध्रुवमत्स्यने होकायंत्र आणावं. खडूफळा सर येत असतील तर पायऱ्या हळूहळू चढू. बाकी कोण?

झुळूक

मी येते. पण नाष्ट्याचं आधी ठरवा, मागच्या कट्ट्याला उपाशी फिरवलं होतं.